एकोणतिसाव्या रोजाची दुर्बीण

सलीबा : चाकात दोष नाही, अबू मुतलक. तिसऱ्यांदा उघडलं, तिसऱ्यांदा रॉकेलनं धुतलं, तिसऱ्यांदा जुळवलं. माझ्या बायकोला आता वाटायला लागलंय की मी तुझ्या परसात दुसरा संसार थाटलाय.

फालेह : दोष नाही, तर तारा पळतो कुठे?

सलीबा : तारा पळतो की तुझं स्टँड पळतं, ते आधी ठरव.

फालेह : स्टँड नाही. माउंट.

सलीबा : शुक्रवारच्या बाजारात जुन्या कोटांच्या ढिगाखालून उचललंस, तेव्हा विकणारा त्याला काय म्हणत होता?

फालेह : खिमा करायचं यंत्र.

सलीबा : मग स्टँड म्हणून मी त्याला बढतीच दिली की.

फालेह : तू थट्टा कर. दुर्बीण पुतण्यानं कुवेतहून पाठवली, भिंग उत्तम आहे. पण साध्या तिवईवर ठेवली की श्वास घेतला तरी आकाश हलतं. हे माउंट चंद्रताऱ्यांच्या वेगानं फिरतं. एकदा जिथे लावलं, तिथली वस्तू धरून ठेवतं. फिरलं पाहिजे फक्त.

सलीबा : फिरतंय. कान लाव इथे. लाव, लाव, ग्रीस लागत नाही. ऐकू आलं?

फालेह : काहीच नाही.

सलीबा : तेच ऐकायचं होतं. पहिल्यांदा उघडलं तेव्हा आत ग्रीस होतं ते मागच्या ईदच्या हलव्यासारखं. पाना अडकला त्यात. चाक दोन छर्रे कमी असताना फिरत होतं, दांड्याच्या आट्यांत इतका प्ले होता की मधून चहाचा कप गेला असता. टोमॅटोच्या डब्याचा पत्रा कापून वायसर घातला, शिलाई मशीनचं तेल दिलं. आता मांजर झोपल्यावर करते तेवढासुद्धा आवाज नाही. चाळीस वर्षं शिलाई मशिनी दुरुस्त करतोय मी. इतकं सावकाश काही कधी दुरुस्त केलं नव्हतं.

फालेह : चोवीस तासांत एक फेरा.

सलीबा : माझी मशीन मिनिटाला हजार टाके घालते. हे दिवसाला एक. काल रात्री अंथरुणात पडून तोच विचार करत होतो. इतकं सावकाश कोण शिवतं, आणि नेमकं काय शिवतंय.

फालेह : आणि तरी तारा पाच मिनिटांत काठावर जातो. दहाव्या मिनिटाला गायब. परवा संध्याकाळी एकोणतिसावा रोजा असेल, सलीबा. आज—

विज्दान : आज अठ्ठाविसावा आहे, म्हणजे परवा नाही, उद्या. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ह्यांचं कॅलेंडरसुद्धा निवृत्त झालंय. घ्या भाऊ, कॉफी.

सलीबा : नको, उम्म मुतलक. मुतलकच्या आईच्या हातची कॉफी नाकारणं सोपं नाही, पण नको.

विज्दान : रोजा आमचा आहे, तुमचा नाही. तुम्ही चर्चला जाता.

सलीबा : रोजा गल्लीचा आहे. त्याच्यासमोर मी घोट घ्यायचा आणि त्यानं माझ्या घशाकडे बघायचं, हे बरं दिसत नाही. तुमच्या नवऱ्यापेक्षा मीच जास्त रमजान पाळलेत. तो लहानपणी चोरून अंजिरं खायचा, मी बाहेर पहारा द्यायचो, तोही उपाशी.

विज्दान : अठ्ठावीस दिवस मी कॉफी करते, तुम्ही नको म्हणता, मी ती अंजिराच्या मुळाशी ओतते. ह्या वर्षी त्या झाडाला झोप लागायची नाही. काय म्हणतंय खिमा-यंत्र?

फालेह : माउंट.

विज्दान : तेच ते. उद्यापर्यंत होतंय ना नीट? नाही, मी ईदच्या खजूर भरलेल्या मामूलचं पीठ कधी भिजवायचं ते ठरवायला विचारते. गेल्या वर्षी तुमच्या शब्दावर एक दिवस आधी भिजवलं होतं.

सलीबा : माझ्याकडेही आली होती ती मामूल. छान झाली होती. एक दिवस शिळी होती एवढंच.

फालेह : संपला विनोद?

विज्दान : विनोद तुम्हीच केला होता, आम्ही फक्त हसलो. इथेच उभे होतात, ह्याच दगडावर. ‘दिसला! हिलाल दिसला! ईदचा चंद्र दिसला!’ एकतीस वर्षं ज्या माणसानं ह्या गल्लीतल्या पोरांना भूगोल शिकवला त्याचा शब्द! पोरांनी फटाके लावले, तीन घरांनी दुसऱ्या दिवशी रोजा धरला नाही. रेडिओ सांगतोय अजून रमजान आहे, आणि बेकरीवाला म्हणतो, रेडिओला काय कळतं, उस्तादांनी डोळ्यांनी बघितलाय.

सलीबा : आणि ते विमान.

विज्दान : विमानसुद्धा नाही! विमानाचा धूर. सायप्रसला चाललेल्या विमानाचा धूर. त्यावर ऊन पडलं होतं.

फालेह : वाकडा होता. चंद्रकोरीसारखाच वाकडा.

विज्दान : बेकरीवाला अजून विचारतो, ‘उस्ताद, आज कुठली फ्लाइट?’ ते मी सहन करते. पण नजूदचं लग्न नाही सहन होत मला.

सलीबा : नजूदचं काय?

विज्दान : ह्यांनी सांगितलं नाही? सहा आठवडे रोज बसता इथे, बोलता तरी काय? गालिबच्या मुलीचा, आमच्या पुतणीचा, ईदनंतर गुरुवारी निकाह आहे. ह्या घरातल्या, शेजारच्या, वरच्या गल्लीतल्या, प्रत्येक निकाहाला साक्षीदार कोण? फालेह उस्ताद. कागदाखाली सही कुणाची? ह्यांची. आणि सख्ख्या भावाच्या मुलीच्या निकाहाला साक्षीदार कोण, ओळखा.

सलीबा : कोण?

विज्दान : बेकरीवाला.

सलीबा : अरेरे.

फालेह : गालिबचं काही चुकलं नाही. साक्षीदार म्हणजे ज्यानं पाहिलं ते पाहिलं म्हणायचं. जो माणूस धुराला चंद्र म्हणतो, त्याची सही मुलीच्या निकाहाच्या कागदावर त्याला कशाला हवी? वर्षभर त्यानं मला हाक मारलेली नाही. त्याच्या गच्चीवरून बादली जरी माझ्या परसात पडली तरी पोराला पाठवतो उचलायला.

विज्दान : म्हणून हे सगळं. आता कळलं तुम्हाला, भाऊ? ह्यांना तारे-बिरे बघायचे नाहीत. ह्यांना उद्या संध्याकाळी एक चंद्र हवाय, पक्का. सगळ्या गल्लीसमोर.

फालेह : तारेसुद्धा बघायचेत.

विज्दान : कुठल्या डोळ्यानं? डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू काढा. ‘ईदनंतर.’ मागच्या ईदलाही ईदनंतरच होतं.

फालेह : उजव्यात थोडं धुकं आहे. डावा शाबूत आहे.

विज्दान : डाव्यानं काल तुम्ही मिठाच्या बरणीतून साखर घेतलीत. जाते मी. कॉफी ठेवते इथे, अंजिराला द्या.

सलीबा : ...बरं. आता मला सांग. ह्या स्टँडला—ऐक, माउंटला—कुठे तोंड करून ठेवावं लागतं?

फालेह : त्याचा आस ध्रुवताऱ्याकडे. सगळं आकाश ध्रुवाभोवती फिरतं, म्हणून माउंटही त्याच आसाभोवती फिरायला हवं. उंची बत्तीस अंश, आपल्या सल्तचा अक्षांश. आणि दिशा बरोब्बर उत्तर.

सलीबा : दाखव मला ध्रुवतारा.

फालेह : कसा दाखवू? गालिबनं थोरल्या मुलासाठी तिसरा मजला चढवला. ध्रुवतारा त्याच्या पाण्याच्या टाकीमागे आहे. बरोब्बर मागे. जगातला एकच तारा हलत नाही, आणि माझ्या भावानं तो झाकला.

सलीबा : मग हा लोखंडी खांब तू सिमेंटमध्ये पुरलास तेव्हा उत्तर कशावरून घेतलीस? होकायंत्रावरून?

फालेह : परसाला लोखंडी गेट, खांब लोखंडाचा, वर लोखंडी टाकी. होकायंत्र प्रत्येक कोपऱ्यात वेगळं बोलत होतं, सरकारी कचेरीसारखं. मग मी म्हटलं, विश्वासाची गोष्ट घ्यावी.

सलीबा : म्हणजे?

फालेह : मशिदीची भिंत. इथून सरळ दिसते बघ. आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं, किब्ल्याकडे, नमाजच्या दिशेकडे, तोंड म्हणजे दक्षिण, पाठ म्हणजे उत्तर. घर विकताना कागदातसुद्धा तसंच लिहितात. भिंतीला काटकोनात दोरी ताणली, दोरीवर खांब उभा केला. दोनशे वर्षांची भिंत आहे, एक बोटसुद्धा वाकडी नाही.

सलीबा : भिंत कुणाकडे तोंड करून आहे?

फालेह : मक्केकडे. असा काय प्रश्न!

सलीबा : माझ्या धाकट्याला तू सहावीत नापास केलं होतंस, आठवतं? भूगोलात. तो एक प्रश्न अजून पाठ म्हणतो. सल्त शहरापासून मक्का कोणत्या दिशेस आहे, एका वाक्यात उत्तर द्या.

फालेह : दक्षिणेस आहे असं लिहिलं होतं त्यानं. म्हणून शून्य दिलं. मक्का सल्तच्या...

सलीबा : पूर्ण वाक्यात.

फालेह : मक्का सल्तच्या दक्षिणेस नसून दक्षिण-आग्नेयेस आहे.

सलीबा : किती सरकून?

फालेह : ...एकोणीस अंश.

सलीबा : त्या पोराला मी त्या दिवशी दोन थपडा दिल्या होत्या. आज संध्याकाळी घरी गेल्यावर माफी मागतो.

फालेह : एकतीस वर्षं शिकवलं, सलीबा. फळ्यावर नकाशा काढून.

सलीबा : फळ्यावरचं फळ्यावर राहतं. परसात आलं की माणूस गल्लीचा होतो.

फालेह : म्हणजे सहा आठवडे तू निर्दोष चाक तीनदा उघडलंस.

सलीबा : चारदा. एकदा तुला न सांगता.

फालेह : मशिदीची भिंत चुकीची, असं कसं म्हणायचं?

सलीबा : भिंत अगदी बरोबर आहे. जिथे बघायला सांगितलं तिथे बघतेय बिचारी. तू तिला भलतंच विचारलंस.

(दुसरा दिवस, एकोणतिसावा रोजा. दुपार, तेच परस.)

विज्दान : एवढं दोरीला कांदा बांधून काय चाललंय? कांदा कुणाचा?

सलीबा : ओळंबा आहे, उम्म मुतलक. दोरीची सावली हवी. भरदुपारी सूर्य बरोब्बर माथ्यावरून जातो तेव्हा सावली सगळ्यात आखूड होते, आणि ती पडते थेट उत्तरेला. ध्रुवतारा टाकीमागे असला म्हणून काय झालं, सूर्य तर कुणी बांधून घेतलेला नाही.

विज्दान : त्यासाठी माझा कांदा कशाला? मला विचारायचं. कपडे वाळत घालायच्या खांबाची सावली जोहरच्या अजानला मोरीच्या पन्हळीवर पडते. पन्हळ उत्तर-दक्षिण आहे. तीस वर्षं बघतेय.

फालेह : तीस वर्षं! आणि मला कधी सांगितलं नाहीस?

विज्दान : तुम्ही मला पन्हळीबद्दल जेवढं विचारलंत, तेवढं सगळं सांगितलं.

सलीबा : थांबा थांबा. जोहरची अजान केव्हा होते?

फालेह : सूर्य माथ्यावरून ढळला की. ढळल्यावर दोन मिनिटं सावधगिरीची सोडून मुअज्जिन... अरे.

सलीबा : हं.

फालेह : म्हणजे मशीद रोज सांगत होती. दिवसातून एकदा, लाउडस्पीकरवरून.

सलीबा : तू भिंतीला विचारत बसलास, ती वेळेवर बोलत होती. घड्याळात बघ. अजानच्या दोन मिनिटं आधी ओरड, मी खडूनं रेघ मारतो.

फालेह : अजून चार मिनिटं.

सलीबा : वारा नको आता. कांदा डोलतोय.

विज्दान : धुरळा येतोय खालून, दरीतून. खमासीनचा वाळवंटी वारा उठणार संध्याकाळी. बघा पश्चिमेकडे, नदीपलीकडच्या टेकड्या धुवून वाळत टाकल्यासारख्या फिक्या झाल्यात.

फालेह : आज नको रे बाबा. उद्या ये, परवा ये, पूर्ण महिनाभर ये.

विज्दान : त्याला नजूदच्या निकाहाचं काय?

फालेह : एक मिनिट... आता! मार!

सलीबा : मारली. ...बघ. आता बघ तुझी मशिदीची दोरी, आणि बघ ही रेघ.

फालेह : एवढा फरक?

सलीबा : एकोणीस अंश दिसायला पावाच्या तुकड्याएवढे असतात. आकाशात गेले की चंद्रच मुठीतून सुटतो. खांब उकरायला नको, वरच्या पट्टीला नवी भोकं पाडतो. ड्रिल घेऊन आलोय. उम्म मुतलक, तुमच्या मोरीचीही रेघ ह्याच दिशेला आहे, एका बोटाचाही फरक नाही.

विज्दान : मग आधीच मोरीवर बसवायचं होतं.

*

फालेह : झाकण काढू नकोस! सूर्य अजून बुडायचाय, डोळा जाईल.

सलीबा : एवढं कळतं मला. झाकण लावूनच नेम धरतोय. जमिनीवर नळीची सावली बघ, लांबट होती, आता अगदी गोल झाली. म्हणजे नळीनं सूर्य धरलाय. पुढे सांग.

फालेह : तक्त्याप्रमाणे चंद्र सूर्याच्या मागून येतोय, पावणेनऊ अंशांवर. सूर्य बुडाल्यावर पस्तीस मिनिटं वर राहील.

सलीबा : चाकाला दात एकशे चव्वेचाळीस. मी मोजलेत, चारदा. एका दाताचे अडीच अंश. म्हणजे साडेतीन दात. दांड्याच्या एका फेऱ्याला एक दात सरकतो, म्हणजे साडेतीन फेरे. एक... दोन... तीन... आणि अर्धा. लाग. मोटर चालू कर.

फालेह : चालू आहे.

सलीबा : ऐकू येत नाही म्हणजे चालूच असणार.

विज्दान : वर सगळी गल्ली जमलीय. गालिबच्या गच्चीवर बेकरीवालासुद्धा आहे, खुर्ची घेऊन. खुर्ची घेऊन येतं का कुणी चंद्र बघायला?

सलीबा : फ्लाइटला उशीर असेल.

फालेह : धुरळ्यात साध्या डोळ्यांनी कुणालाच दिसायचा नाही. बघायचं ते इथूनच.

विज्दान : अजान झाली. घ्या, खजूर घ्या. डोळा तिथेच ठेवा हवं तर, तोंड उघडा. भाऊ, आता तरी?

सलीबा : आता द्या. एकोणतीस दिवसांची एकदम द्या. ...आहाहा. अबू मुतलक, अंजिराचं किती नुकसान झालं आज.

फालेह : झाकण काढ.

सलीबा : काढलं. काय दिसतंय?

फालेह : केशरी. सगळं केशरी, कडेला जांभळं होत चाललेलं. जर्दाळूच्या पापडातून उजेड बघावा तसं.

सलीबा : आणि?

फालेह : आणि काही नाही. सुंदर आहे पण.

सलीबा : बघत राहा.

फालेह : बघतोय. किती शांत आहे रे. परवापर्यंत सगळं पळत होतं. आता जे आहे ते थांबलंय. मला वाटतं आपण सरकतोय, गल्ली, मशीद, अंजीर, सगळं सरकतंय, आणि ही एवढी गोल खिडकी तेवढी जागेवर आहे.

सलीबा : दहा मिनिटं झाली. सरक, मला बघू दे.

फालेह : बघ. केशरी आहे ना?

सलीबा : अरे.

फालेह : काय?

सलीबा : काही नाही.

फालेह : सलीबा.

सलीबा : आहे.

फालेह : कुठे?

सलीबा : मधोमध. किंचित खाली. आपले साडेतीन दात बरोबर निघाले रे! नखासारखा... नाही, नख जाड असतं. धुरळा पुढे आला की जातो, मग परत येतो. ये, ये लवकर.

फालेह : ...नाही.

सलीबा : मधोमध बघ.

फालेह : मधोमधच बघतोय. केशरी आहे.

सलीबा : डावा डोळा लाव.

फालेह : डावाच लावलाय.

सलीबा : नळीला हात लावू नकोस. श्वास सोड. खाली वळलेली रेघ, पांढरी, अगदी बारीक.

फालेह : सलीबा, रेघा मला पुष्कळ दिसतात. डोळ्यात तरंगणाऱ्यासुद्धा. त्यातली चंद्राची कुठली, ते सांगता येत नाही.

विज्दान : दिसला का हो? मला सांगू नका. मी बघणारही नाही, बघितलं तर माझ्या तोंडून अम्मानपर्यंत जाईल. पण दिसला का?

गालिब (गच्चीवरून) : दादा!

विज्दान : वर्षभरात पहिली हाक.

गालिब : दादा, सगळे थांबलेत! दिसला का?

सलीबा : हो म्हण.

फालेह : तू पाहिलास.

सलीबा : मी चर्चवाला, माझी साक्ष ह्या कामात चालत नाही, नाहीतर मीच ओरडलो असतो. पण आहे तो, अबू मुतलक, ह्या कॉफीइतका खरा आहे. तक्त्यात आहे, नळीत आहे. तू हो म्हणालास तर ते खोटं होणार नाही.

फालेह : चंद्र खोटा होणार नाही. मी होईन.

सलीबा : अरे माणसा, गेल्या वर्षी नव्हता तेव्हा हो म्हणालास. आज आहे तर—

फालेह : गेल्या वर्षी मला रेघ दिसली होती. चंद्र मी पदरचा घातला. कुणाला सांगितलं नाही हे, विज्दानलाही नाही. दिसली तेव्हाच मनात आलं होतं, जरा थांबावं. थांबलो नाही. सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती, फार छान वाटत होतं.

विज्दान : मला माहीत होतं.

फालेह : तुला कसं?

विज्दान : पन्हळीसारखं. विचारलं नाहीत.

गालिब : दादा! अरे काय झालं? दिसला की नाही?

सलीबा : गुरुवार आठव. बेकरीवाला आठव.

फालेह : नाही!

गालिब : काय?

फालेह : नाही, गालिब! मला दिसला नाही!

गालिब : एवढं यंत्र आणून? यंत्र काय म्हणतं?

फालेह : यंत्र म्हणतं, आहे! पण यंत्राची साक्ष होत नाही, आणि माझ्या डोळ्याला दिसला नाही! रेडिओ लावा!

विज्दान : वर रेडिओ शोधायला लागलेत सगळे.

सलीबा : बेकरीवाला खुर्ची घडी करतोय.

विज्दान : पीठ भिजवू की नको?

फालेह : भिजव. चंद्र आहे, कुणा ना कुणाला दिसेल. ज्यांना दिसेल ते सांगतील.

विज्दान : डोळ्याचं काय?

फालेह : शनिवारी जाऊ डॉक्टरांकडे. तारीख तू घे. माझं कॅलेंडर निवृत्त आहे.

गालिब : दादा!

फालेह : आता काय?

गालिब : गुरुवारी आहे नजूदचं. असरच्या नमाजनंतर.

फालेह : माहीत आहे मला.

गालिब : ओळखपत्र घेऊन ये. साक्षीदाराचा नंबर लिहावा लागतो कागदावर.

विज्दान : अहो, उत्तर द्या की त्याला.

फालेह : आणतो!

गालिब : जुनं आणू नकोस, मुदत संपलेलं!

फालेह : नवं आणतो!

विज्दान : मी पीठ भिजवते. खजुराची बी तोंडातच आहे तुमच्या अजून, ती काढा. आणि रडताय की धुरळा गेलाय?

फालेह : धुरळा.

विज्दान : तोही नाही दिसला मला. जाते मी.

सलीबा : चांगली बायको आहे तुझी. माझी असती तर तिनं आधी मोरी दाखवली असती आणि मग सहा आठवडे ऐकवलं असतं.

फालेह : अजून आहे?

सलीबा : बघतो. ...आहे.

फालेह : जागेवर?

सलीबा : जागेवर. तो खाली चाललाय टेकड्यांकडे, आणि तुझं माउंट त्याचा हात धरून बरोबर चाललंय. अजिबात घाई नाही दोघांना.

फालेह : माउंट म्हणालास.

सलीबा : जीभ घसरली.

फालेह : कसा दिसतो?

सलीबा : आता धुरळा खाली बसलाय. निळं कापड आहे, खालच्या काठाला अजून केशरी किनार. आणि त्यावर एकच टाका. घातलाय, पण ओढून घट्ट केलेला नाही अजून.

फालेह : सांगत राहा. मावळेपर्यंत सांगत राहा.